गोळी सुरू करणारे सगळे, बंद करणारा कोणी नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त आपल्या आरोग्य पुरवणीत आलेले पान वाचले. वरच्या अर्ध्या पानात अक्रोड, शब्दकोडी, सकाळचा फेरफटका आणि ‘मन प्रसन्न ठेवा’. खालच्या अर्ध्यात स्मरणशक्तीच्या कॅप्सूलची रंगीत जाहिरात, एका बाटलीवर एक मोफत. स्मृतिभ्रंशाच्या माणसासमोर रोज सकाळी जी मूठभर औषधे येतात, त्यांबद्दल मात्र वरही अक्षर नाही आणि खालीही नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, कात्री लावायची तर खुशाल लावा, पण औषधांची नावे कापू नका.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. आता कराडला घर आहे. पत्नी आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाली. उपकेंद्रातली बाळंतपणे, लसीकरण, गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्या आणि १९९५ नंतर पल्स पोलिओचे रविवार यांत तिची नोकरी गेली. आज ती ६९ वर्षांची आहे आणि तिला अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, आहे. जोडीला मधुमेह, रक्तदाब आणि हृदयासाठी ॲस्पिरिन. देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यांतल्या बहुतेकांना हे जुने आजारही असणार, म्हणजे बहुतेकांच्या घरी आमच्यासारखाच गोळ्यांचा डबा असणार.

निदानाआधी मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय केला आणि रक्तातले थायरॉईड व बी-१२ जीवनसत्त्व तपासले. बी-१२ फारच खाली निघाले. आम्ही माळकरी, घरात अंडेसुद्धा येत नाही. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पॅन्टोप्राझोल. ही दोन्ही औषधे लांबली की अन्नातले बी-१२ अंगी लागणे कमी होते. इंजेक्शने झाली. तिच्या पायाच्या मुंग्या गेल्या, दुपारची मरगळ गेली, नातवाचे नाव परत आले नाही. ज्यांच्या विसरण्याचे कारण बी-१२ किंवा थायरॉईड हेच असते, त्यांना उपचाराने फरक पडतो, म्हणून ही तपासणी प्रत्येकाने करावी. पण ‘आमच्या मामांना बी-१२च्या इंजेक्शनने सगळं आठवायला लागलं’ हे ऐकून भलती आशा धरू नये.

खरा प्रश्न मला त्या पॅन्टोप्राझोलने दाखवला. ती कोणी, कधी आणि कशासाठी सुरू केली, हे फाईल उलटीपालटी करूनही सापडेना. प्रत्येक नव्या चिठ्ठीत ती आधीच्या चिठ्ठीवरून उतरत आली होती. मेंदूच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन चालू आहे म्हणून ती ठेवली, पण डोस निम्मा केला. निम्मा करता येतो, हे इतकी वर्षे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

मग डोनेपेझिल सुरू झाले. अल्झायमरमध्ये सर्रास दिले जाणारे हे औषध आहे. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य असते, त्याचे विघटन ते हळू करते. त्याने आजार थांबत नाही, काहींना काही काळ थोडा टेकू मिळतो. हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितले, त्याबद्दल त्यांचे आभार. ५ मिलिग्रॅमवर ती ठीक होती. महिन्याभराने १० केल्यावर भूक मेली, पातळ शौचाला होऊ लागले आणि रात्री स्वप्ने पडू लागली. मध्यरात्री उठून ‘पेशंट आलंय, दार उघडा’ म्हणायची. गोळी रात्रीऐवजी सकाळी दिल्यावर स्वप्ने थांबली. वजन उतरायचे थांबले नाही, आणि लघवीची घाई सुरू झाली.

घाईसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. डोनेपेझिलची चिठ्ठी मी टेबलावर ठेवली होती, ती त्यांनी कडेला सरकवली आणि सोलिफेनासिन लिहून दिले. मूत्राशय शांत करणारी ही गोळी त्याच ॲसिटिलकोलीनला अडवून काम करते. म्हणजे एक गोळी जे वाढवते, तेच दुसरी दाबते. एकाच फलाटावर दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या केल्यावर जे होते तेच झाले: तोंडाला कोरड, पोट साफ नाही, आणि स्वयंपाकघर कुठे हे तिला मला विचारावे लागू लागले.

आजार पुढे सरकला, असे कोणीही म्हटले असते. नातेवाईक म्हणालेही. पण मला नोंदवहीची खोड आहे. कंट्रोल केबिनमध्ये गाडी उशिरा आली की कारण आणि वेळ लिहावीच लागते, नंतर आठवून लिहिलेले तिथे चालत नाही. घरीही मी दोनशे पानी वहीत लिहितो: कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू, कोणती वाढली, शौच, झोप, खाणे, गोंधळ. वही उघडून मेंदूच्या डॉक्टरांपुढे धरली. सोलिफेनासिनची तारीख आणि गोंधळ वाढल्याच्या नोंदी एकाच पानावर होत्या. त्यांनी ती गोळी बंद केली आणि डोनेपेझिल परत ५ वर आणले, कारण लघवीची घाई मुळात त्या वाढीव डोसाने झालेली असू शकते. घाई आता पुष्कळ कमी आहे, राहिलेली तिला ठरावीक वेळाने आठवण करून बाथरूमला नेले की निभते. स्वयंपाकघर तिला सापडते. पुढे मेमँटिन हे अल्झायमरचेच दुसरे औषध सुरू करायचे ठरले तेव्हा मी एवढेच मागितले की या महिन्यात दुसरे काही बदलू नका. ते आठवड्याला पाच-पाच मिलिग्रॅमने वाढवतात. सुरुवातीला तिला गरगरले, आणि ते कशाने हे ओळखायला वेळ लागला नाही.

ॲसिटिलकोलीन अडवणारी औषधे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत, हे वाचकांना माहीत असायला हवे. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. पोटाच्या मुरड्यावरचे डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा मुंग्यांसाठी दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिन, हातापायाचा कंप थांबवायची ट्रायहेक्सिफेनिडिल याच जातीची. तरुण माणसाला त्याने जरा सुस्ती येते. स्मृतिभ्रंशाचा माणूस त्याने दोन दोन दिवस भानावर नसतो. पाहुणे प्रेमाने विचारतात, ‘वहिनी शिंकताहेत, एक गोळी देऊ का?’ आमच्याकडे उत्तर ठरलेले: वाफ आणि गवती चहा.

आता पूरक औषधांकडे येतो, कारण जाहिरात त्यांचीच होती.

मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याने मागवलेली गिंको बिलोबाची, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काची, बाटली कुरियरने आली. त्याला फोन करून विचारले, ‘डॉक्टरांना विचारलंस का?’ तर म्हणाला, ‘आबा, हर्बल आहे, त्याला काय होतंय?’ अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांवर गिंकोची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००८ साली आला: रोज दोनदा १२० मिलिग्रॅम घेऊनही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही. शिवाय गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो आणि तिला ॲस्पिरिन चालू आहे. बाटली सील न तोडता परत गेली. मुलगा चार दिवस फुरंगटला होता. लांब राहणाऱ्या मुलांना आईसाठी काहीतरी करायचे असते आणि ऑनलाइन मागवणे त्यांच्या हातात असते, हे मला कळते. मी त्याला दुसरे काम दिले आहे. दर तीन महिन्यांनी माझ्या वहीतला औषधांचा तक्ता तो टाइप करून, छापून पाठवतो.

बहिणीने गावाहून ब्राह्मी पाठवली. डोक्याला ब्राह्मीचे तेल चोळायला आमची ना नाही, पत्नीला ते आवडते, चोळताना ती जुन्या गोष्टी सांगते. पोटात घेण्याची गोष्ट वेगळी. एक तर ब्राह्मी म्हणून दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी, आणि पुडीवर कोणती ते लिहिलेले नसते. नीरब्राह्मीने मळमळ आणि वरचेवर शौचाला होऊ शकते. डोनेपेझिलनेही तेच होते. दोन्ही एकदम दिली आणि पोट बिघडले, तर दोष कोणाला द्यायचा? मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. इथल्या एका वैद्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी नाडी धरण्याआधी विचारले, ‘ॲलोपॅथीचं काय चालू आहे, ते सगळं दाखवा.’ तक्ता वाचून म्हणाले, ‘सध्या माझं काही नको, आधी यांची भूक परत येऊ दे.’ असे सांगणारा माणूस मला पुन्हा भेटेल असे वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आणि जुलाब झाले, रुग्णालयात ठेवावे लागले. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण असे कुठेही होऊ शकते. पाणी कमी पडून आणि जागा अनोळखी म्हणून ती रात्री फार भ्रमली, सलाईन ओढू लागली. क्वेटियापिन हे मनोविकारांवरचे (अँटिसायकोटिक) औषध दिले, ती शांत झाली. त्या रात्री ते लागलेच असेल. पण घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ते ‘सुरू ठेवा’ म्हणून उतरले होते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना या वर्गातली औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. देऊच नये असे नाही, पण किती दिवस, हे लिहिलेले हवे. तिथल्या डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, ‘तुमच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारा.’ मेंदूच्या डॉक्टरांनी थोडे थोडे कमी करत ते बंद केले. (कोणीही अशी गोळी आपल्या मनाने एकदम तोडू नये.)

त्याच कार्डावर दुसरी गंमत होती. पहिली ओळ, ‘घरची औषधे पूर्ववत.’ सहावी ओळ, एक नवे ब्रँडनाव. घरी येऊन पट्टीवरची बारीक अक्षरे वाचली, तर तेही डोनेपेझिलच. दोन्ही ओळी पाळल्या असत्या तर डोस दुप्पट झाला असता. या औषधाने नाडी मंदावू शकते. चक्कर येऊन पडली असती तर पुन्हा सगळे म्हणाले असते, वय झाले.

डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे वैद्यकीय परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ सालापासून आहे. आमच्या फाईलमधल्या चिठ्ठ्या पाहून कोणाचा विश्वास बसणार नाही.

आणि मेडिकलवाल्यांची कात्री. दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या मागितल्या की सहा कापून देतात. नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर, आणि तो दुसरा तुकडा दुकानातच राहतो. हे तुमच्याआमच्या लक्षात येत नाही. माझ्या पत्नीच्या येते. नेहमीची कंपनी मिळाली नाही म्हणून मी एकदा दुसऱ्या कंपनीच्या कापलेल्या गोळ्या आणल्या. आधीची पिवळसर होती, ही पांढरी. तिने तुकडा हातात घेतला, अंगठ्याने मागची चांदी सपाट केली, चष्मा नसताना डोळ्यांपासून लांब धरला, उलटा केला.

‘एक्स्पायरी कुठाय?’

‘अगं, दुकानदाराकडे राहिली. तेच औषध आहे, कंपनी वेगळी.’

‘नाव नाही, तारीख नाही. असं औषध आम्ही वाटत नाही. डॉक्टरांना सांगा, साठा परत करा.’

आणि तुकडा टेबलावर माझ्याकडे सरकवला. आदल्या दिवशी दुपारी जेवली की नाही हे तिला सांगता आले नव्हते. पण यात तिचे काय चुकले? मी तसाच दुकानात गेलो, पूर्ण पट्टी घेतली, तिला दाखवली. तिने महिना आणि साल मोठ्याने वाचले आणि मग घेतली. आता दुकानदार आमच्यासाठी पट्टी कापत नाही, कंपनी बदलणार असेल तर आधी फोन करतो. भला माणूस आहे, फक्त त्याला कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरी गोळ्या देण्याची जबाबदारी तिची आहे. डबा मी भरतो, पट्ट्या शेजारी ठेवतो. ती डबा उघडते, पट्टीशी ताडते, आधी माझी रक्तदाबाची गोळी माझ्या हातावर ठेवते, ‘अहो, पाणी पूर्ण प्या’ म्हणते आणि मग स्वतःची घेते. घास भरवताना लपवून गोळी द्यायची वेळ अजून आलेली नाही. येईलही. पण तेव्हाही कुटून देण्याआधी विचारावे लागेल. तिची मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणारी आहे, ती कुटली तर सगळा डोस एकदम सुटतो. पुष्कळ घरांत खलबत्त्यात सरसकट सगळे कुटले जाते.

मी इंग्रजी वाचू शकतो, पत्नीही वाचते. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू आहेत, त्यांच्या यजमानांनाही हाच आजार. त्या गोळ्या रंगावरून आणि आकारावरून ओळखतात: ‘सकाळची गुलाबी, रात्रीची लांबट.’ कंपनी बदलली की त्यांचे सगळे गणित कोलमडते. सरकारने १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा केला. तो वाचायला स्मार्टफोन लागतो, काकूंकडे बटणांचा फोन आहे. त्यांच्या प्रत्येक पट्टीवर मी मार्करने मराठीत एकच शब्द लिहून देतो: साखर, बीपी, आठवण. मूळ नाव आणि तारीख सोडून उरलेल्या जागेत.

आता आपल्याकडे मागणे. दर आठवड्याच्या पुरवणीत चौकोन आखलेला एक तक्ता छापा, कापून फाईलला लावता येईल असा. रकाने: औषधाचे मूळ नाव, किती, केव्हा, कशासाठी, कोणी सुरू केले, कोणत्या तारखेला, आणि पुन्हा कधी तपासायचे किंवा बंद करायचे. शेवटचा रकाना कृपया गाळू नका, डॉक्टरांपुढे तो रिकामा धरला की ते काहीतरी बोलतातच. त्यात च्यवनप्राश, ब्राह्मी, कॅल्शियम, मुलांनी पाठवलेल्या बाटल्या, सगळे लिहायचे. मी आखलेला नमुना सोबत जोडला आहे, हवा तसा सुधारा.

जाहिरातीबद्दलही. १९५४ सालचा औषधे व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. ज्या आजारांवर इलाजाचा दावा जाहिरातीत करता येत नाही, त्यांच्या यादीत मेंदूचे विकार आहेत. आपल्या पानावरची जाहिरात ‘अल्झायमर’ हा शब्द उच्चारत नाही, नुसतेच ‘स्मरणशक्तीला बळ’ म्हणते, म्हणून कदाचित कायद्याच्या कचाट्यात येत नसेल. पण ती अल्झायमरच्या लेखाखाली छापण्याची जागा कंपनीने निवडली की आपल्या जाहिरात विभागाने, हे वाचकांना कळले पाहिजे. या कॅप्सूल औषध म्हणून नव्हे, पूरक आहार म्हणून विकल्या जातात, आणि तशा बाटल्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे नियमाने बंधनकारक आहे. मुलाने पाठवलेल्या बाटलीवर ते होते, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. पुढच्या वेळी ही जाहिरात घ्यायचीच असेल, तर ती ओळ मराठीत, ‘एकावर एक मोफत’ ज्या आकारात छापता त्याच आकारात छापा.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, कराड